रिकाम्या घरट्यासमोर

"आलेत का गं?" दार पुरतं उघडायच्या आधीच एवाल्ड आजोबांनी विचारलं.

"नाही अजून," स्कैद्रा बूट झटकत म्हणाली. धडधडीत खोटं. तळ्यापलीकडे कैकर पक्ष्यांची मादी अंड्यांवर बसलेली ती आत्ताच गळ्यातल्या दुर्बिणीतून बघून आली होती.

मासे धरणाऱ्या या कैकरांची घरटी आमच्या गावात सांभाळते ती एकटी स्कैद्रा. दर वसंतात जोडी आफ्रिकेतून यायची ती आजोबांच्या खिडकीसमोरच्या पाइनवर. आजी गेल्यावर आजोबांना सोबत तेवढीच. पण झाड वाळलं. एखाद्या वादळात अंड्यांसकट आडवं झालं असतं, म्हणून हिवाळ्यात स्कैद्रानं तळ्यापलीकडच्या दणकट झाडावर नवं घरटं बांधून दिलं. पाखरांना ते पसंत पडलं. आजोबांना आधी विचारावं, हे मात्र बाईला सुचलं नाही. आता सांगायचीही सोय नव्हती. अंडीचोर हिंडतात, घरट्याची जागा कुणाला सांगायची नाही, हा नियम तीच गावाला शिकवायची. म्हणून रोज येऊन आजोबांबरोबर रिकाम्या घरट्याकडे बघत बसायचं, आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायच्या.

आजोबांनी बर्चच्या झाडाचा रस पेल्यात ओतला. "लेक रविवारी न्यायला येतेय. रीगाला. पाखरंच नाहीत, तर मी तरी इथं कुणासाठी राहू?"

स्कैद्रानं पेला बाजूला सारला.

"आजोबा, पाखरं आलीत. मीच त्यांना पलीकडे नेलं. चुकले मी. तुम्हाला साधं विचारलंही नाही."

आजोबा सावकाश पाव कापत राहिले. "ठाऊक आहे. नर रोज सकाळी मासा घेऊन माझ्या छपरावरून जातो. स्वतःसाठी नेत असता तर इथंच बसून खाल्ला असता; पलीकडे अंड्यांवरच्या मादीला नेतोय."

"मग मला रोज का विचारत होता?"

"पाखरं इथं नाहीत म्हटल्यावर तू कशाला आली असतीस, पोरी?"

इतकी वर्षं स्कैद्रा या घरात येत होती ती खिडकीतून पाखरं बघायला, हे त्यांना माहीत होतं. तिला आज कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी ती गेली तेव्हा लेकीची गाडी दारात उभी होती आणि लेक आजोबांची पिशवी उचलत होती. आजोबांनी स्कैद्राच्या गळ्याकडे पाहिलं.

"दुर्बीण कुठंय?"

"घरी."

आजोबा लेकीला म्हणाले, "पिशवी ठेव खाली. आधी हिला पेला दे."