खंडेनवमीला माझी पूजा झाली

मित्रांनो, मला बघून हसू नका. तेलगावच्या एका फोटो स्टुडिओत पाण्याच्या जारखाली जो काळा पत्र्याचा डबा दिसतो ना, तो मी. मी एक जुना सर्व्हर आहे. आता मला सर्व्हर म्हणायचं की स्टूल, ते तुमचं तुम्ही ठरवा. स्टुडिओचा मालक सर्जेराव तर मला नुसतं 'ते खोकं' म्हणतो. डिस्क गेलेला डबा बोलतो कसा, असं कुणी विचारील. अहो, आत्मवृत्तात दगड बोलतात, झाडं बोलतात, मग मीच काय घोडं मारलंय?

पूर्वी मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये होतो. क्लास बंद पडला आणि मी धूळ खात बसलो. तिथून मला उचललं सर्जेरावच्या मुलीने, राजनंदिनीने. कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेली, हाताची मोठी हुशार पोरगी. तिने माझी धूळ झाडली, नवा पंखा लावला आणि पोटात दोन मोठ्या डिस्क बसवल्या. दोन्हींत एकच सामान. एक बिघडली तर दुसरी आहेच. सर्व्हर म्हणजे तरी काय हो? सगळ्यांचं सामान सांभाळणारा आणि मागितलं की काढून देणारा कॉम्प्युटर. तेलगावच्या आसपासच्या कितीतरी लग्नांचं शूटिंग माझ्या पोटात आलं. हळदी, वराती, रुसलेले जावई, जेवणावरून भांडलेले पाहुणे, सगळं.

मला घरी ठेवायचं की सामान क्लाउडवर टाकायचं, यावरून बापलेकीत चांगलीच जुंपली होती. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही. दूरच्या शहरात मोठ्या कंपनीचं गोदाम असतं आणि तिथे माझेच भाऊबंद रांगेने उभे असतात. त्यांच्या पोटात आपलं सामान ठेवायचं आणि महिन्याला भाडं भरायचं.

"आपलं सामान लोकाच्या घरी कशाला ठेवायचं?" सर्जेराव म्हणाला. "भाडं थकलं की देतील बाहेर फेकून. आपलं आपल्या डोळ्यापुढं बरं."

"घरी ठेवा ना अण्णा, मी कुठं नको म्हणते? पण एक प्रत वरही राहू द्या. उद्या स्टुडिओलाच आग लागली तर?"

"चांगलं बोल की जरा!"

शेवटी लेकीचंच खरं झालं. रोज माझ्यातल्या सामानाची एक प्रत आपोआप वर जाऊ लागली. मग राजनंदिनीला पुण्यात नोकरी लागली. ती गेली आणि थोड्याच दिवसांत सर्जेरावने वरचं भाडं बंद केलं. लेकीला कळवलंसुद्धा नाही. कंपनीचे इशारे आले, तुमचं सामान पुसलं जाईल म्हणून. त्याने ते वाचले आणि कानाडोळा केला. मला तेव्हा गुदगुल्याच झाल्या. म्हटलं, सवत गेली, आता घरात मान आपलाच!

आणि मान होताच मित्रांनो. सगळ्यांत जास्त मान मला एका बाईने दिला. तिचं नाव सिंधुबाई.

सिंधुबाई आणि तिचा नवरा नाथा ऊसतोडीला जातात. तिची लेक बबिता. तिच्या लग्नाचं शूटिंग सर्जेरावने केलेलं. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच बबिता बाळंतपणात गेली. तेही साखर कारखान्याच्या पट्ट्यात, उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. दवाखाना गाठेपर्यंत खेळ संपला होता. मागे राहिली तान्ही मंजुषा. जावयाने दुसरं लग्न केलं. अल्बम आणि पेन ड्राइव्ह सासरच्यांकडे होते, ते त्यांनी दिले नाहीत. मागायला गेलेल्या नाथाला म्हणाले, "आमच्या नव्या सुनेला ते बघवत न्हाई, टाकलं जाळून." ऐकलंत? असं म्हणाले. नाथाच्या मोबाइलमध्ये काही फोटो होते, तर मोबाइल कालव्यात पडला.

म्हणजे बबिता आता या जगात फक्त माझ्यापाशी होती. पेन ड्राइव्ह करून नेला तरी लावायला घरी काही नाही, आणि फोटो कोपीत टिकत नाही, म्हणून सिंधुबाईने सगळं माझ्याकडेच राहू दिलं.

सिंधुबाई गावी असली की बाजाराच्या दिवशी यायची. चपला बाहेर काढून, भिंतीला टेकून खाली बसायची. "दादा, लावता का जरा?" सर्जेराव लावायचा. हळदीचा भाग. त्यात बबिता पाटावर बसलेली, तोंड पिवळंधमक, आणि कॅमेऱ्याच्या मागे उभ्या आईला ओरडते आहे, "आये, ये की माज्यासंगट! तुझा एक बी फोटू न्हाई!" सिंधुबाई त्या दिवशी गेली नव्हती. पाहुण्यांच्या चहाचं बघायचं होतं तिला. आता ती खाली बसून पडद्याला उत्तर द्यायची, "आले बाई, आले." एवढं म्हणून डोळे पुसायची आणि उठायची. जाताना माझ्या पत्र्यावरून हात फिरवायची. सर्जेरावला म्हणायची, "मंजुषा लई बारीक हाय अजून. समजाया लागली की आणीन. तिला तिची आई दावायची हाय." त्या पोरीने आईला कधी पाहिलंच नव्हतं हो.

मग आली खंडेनवमी. तुमच्याकडेही त्या दिवशी हत्यारांची पूजा होत असेल. स्टुडिओत कॅमेरे पुसले, हळदकुंकू लावलं. सिंधुबाई सकाळीच घरचे कोयते धुऊन, पुजून आली होती. चार दिवसांनी ऊसतोडीची टोळी निघणार होती. तिने माझ्यासाठी झेंडूचा हार आणला होता. मला कुणी कधी हार घातला नव्हता. मी फुगून गेलो.

सर्जेराव खुशीत होता. "सिंधुबाई, आज नारळ तुमच्याच हातानं होऊ द्या," तो म्हणाला. मला बंद करायला हवं होतं. पण एका लग्नाचं सामान माझ्यात उतरत होतं आणि त्याला गिऱ्हाइकाची घाई होती. मी चालूच राहिलो. त्या माउलीला काय ठाऊक? कोयता धुतात तसं तिने आधी तांब्यातलं पाणी माझ्यावर शिंपडलं. मग नारळ फोडला आणि त्याचं पाणी दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर घातलं. डोक्यावरच तर माझी हवेची जाळी. सर्जेराव बघत होता. तोंडाने "घाला, घाला" म्हणत होता.

फट्‌ झालं, जळका वास सुटला आणि पंखा थांबला.

"काय झालं, दादा?"

"काय न्हाई, फ्यूज गेला आसंल. जा तुमी."

खरं सांगू का? तोवर फार काही बिघडलं नव्हतं. सगळ्यांना वीज पोचवणारा माझा बोर्ड जळला होता, पण दोन्ही डिस्क धड होत्या. बबिता आत सुखरूप होती. राजनंदिनी फोनवर परोपरीने सांगत होती, "अण्णा, डिस्कला हात लावू नका. शनिवारी येते, मी काढते सगळं." पण लेकीपुढे कमीपणा नको ना! त्याने स्क्रू काढून पहिली डिस्क उघडली. तिच्या आतल्या चकतीला धुळीचा कणसुद्धा चालत नाही, आणि याने ती ताटली पुसावी तशी कापडाने खसाखसा पुसली. ती चालेना, म्हणून दुसरी उघडली आणि तीही पुसली!

शनिवारी राजनंदिनीने त्या चकत्या उजेडात धरल्या. त्यांवरचे ओरखडे पाहिले. मग म्हणाली, "जाऊ द्या, वरची प्रत आहे."

"ती बंद केलती मी."

"कधी?"

"तू गेल्यावर."

पोरीने चकत्या खाली ठेवल्या. "अण्णा, सिंधुमावशीला खरं काय ते सांगा. तिला वाटेल आपल्याच हातानं झालं."

"सांगतो की," सर्जेराव म्हणाला.

टोळी निघायच्या दिवशी सिंधुबाई धावत आली. बाहेर ट्रॅक्टर उभा होता, मुकादम हाका मारत होता. "दादा, एकदा लावा. आवाज तरी ऐकवा." सर्जेराव तिच्या तोंडाकडे न बघता म्हणाला, "गेलं सगळं, सिंधुबाई. नारळाचं पाणी आत गेलं. तुमीच घातलंत, मी काय करू?"

 सिंधुबाई आपले दोन्ही हात पुढे धरून बघत राहिली. नाथाने दंडाला धरून तिला बाहेर नेलं. मला ओरडावंसं वाटलं, पण माझ्यात होतं काय? सर्जेरावने पुण्याला फोन केला, "सांगितलं गं तिला." आणि माझ्या डोक्यावर पाण्याचा जार ठेवला.

यंदा सिंधुबाई आली होती, मंजुषाचा अंगणवाडीसाठी फोटो काढायला. पोरगी आता खूप बोलते. डोळे थेट आईचे. कुणीतरी तिला घरी सांगितलं असावं, कारण आल्या आल्या ती माझ्यापाशी बसली आणि पत्र्यावर टकटक करून म्हणाली, "आज्जे, माझी आई ह्याच्यात हाय का?"

"व्हती, बाई," सिंधुबाई म्हणाली. "म्या बुडवली."

सर्जेराव तिथेच उभा होता. एका शब्दाने, नुसत्या एका शब्दाने त्या बाईच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. त्याने कॅमेरा उचलला. पोरीला स्टुलावर बसवलं, "मान वर कर बाळा," म्हणाला आणि फोटो काढला.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनंती करतात, तशी मीही करतो. माझी धूळ पुसा, मला जपा, असं काही मी म्हणत नाही. माझं काय, मी पत्रा. तुमचं सामान घरी ठेवा नाहीतर क्लाउडवर ठेवा, पण जे परत मिळणार नाही ते एकाच जागी ठेवू नका, आणि वरचं बंद करायचं तर घरात विचारून करा. दुसरी विनंती मोठी आहे. तेलगावकडे कधी गेलात, तर सिंधुबाईला भेटा. टोळी निघायच्या आत जा. तिला सांगा, तुझ्या पाण्याने फक्त माझा बोर्ड जळला होता. बबिताला त्यानंतर चांगले दोन दिवस काही झालं नव्हतं. तिला दुसऱ्याच हाताने पुसलं. एवढं सांगा हो कुणीतरी. मला तोंड नाही, आणि ज्याला आहे तो सांगत नाही.