जोहराच्या लॅपटॉपचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. सिराजुद्दीनने रियाधमधल्या बत्हाच्या बाजारातून मला बायकोसाठी, जोहरासाठी आणलं. जोहरा मूळची कोकणातल्या हर्णैची. तिची आई तिकडून फोनवर लग्नातली गाणी म्हणायची आणि जोहरा ती माझ्यात साठवायची. गाण्यामागून अंगणातल्या कोंबड्याही ऐकू यायच्या.

फार मोकळे दिवस होते ते. कुणीही माझ्यात काहीही घालावं, मी हो म्हणावं. पाहुणे खेळ खेळायचे, माझं कौतुक करायचे. एका दुपारी असाच एक फुकटचा खेळ आला. त्याच्या आडून शिरलेला प्रोग्रॅम फायली नासवू लागला. जोहराने घाईघाईने मला बंद केलं, पण तोवर निम्मी गाणी गेली होती.

तिची मुलगी अदिबा एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघते. तिने मला साफ केलं आणि कडेकोट कुलूप घातलं. त्यानंतर जोहराला मराठी कळफलकसुद्धा बसवता येईना.

"अगो, लॅपटॉप माझा आणि परवानगी तुझी?"

"सेफ्टीसाठी आहे अम्मी. तू काहीही क्लिक करतेस."

जोहराने मला मिटून ठेवलं. मी कपाटावर गेलो. अंगावर वाळूची बारीक धूळ साचली. मी सुरक्षित होतो, पण कुणाच्याच उपयोगाचा नव्हतो.

मग हर्णैहून आई गेल्याचा फोन आला. जोहराने मला खाली काढलं. तिला आईचा आवाज ऐकायचा होता. पण गाणी वाजवणारा जुना प्रोग्रॅम आता नव्या कुलपाच्या लेखी 'अनोळखी' ठरला होता. मी अदिबाचा पासवर्ड मागितला. अदिबा घरी यायला निघालेली, विमानात होती; तिचा फोन लागेना. जोहरा माझ्या पडद्यावर हात ठेवून रडली. नाही म्हणणं मला इतकं जड कधीच गेलं नव्हतं.

अदिबा आली आणि झाला प्रकार ऐकून आईला बिलगलीच. "चुकलं माझं अम्मी. तुला न विचारताच सगळं बंद केलं मी."

तिने रोजच्या कामासाठी साधं खातं केलं. मोठ्या बदलांसाठी वेगळा पासवर्ड ठेवला, तो जोहराने स्वतः ठरवला. उरलेल्या गाण्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर गेली. मग दोघी गाणं ऐकत बसल्या. अदिबाने आजीचं गाणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.

आता कुणी नवं आत येऊ लागलं की मी जोहराला विचारतो. ती चष्मा लावून वाचते. मराठी कळफलक तिने स्वतः बसवला. परवा एक चकचकीत प्रोग्रॅम दारात आला, त्याला मात्र तिने "नको रे बाबा" म्हणून परत पाठवलं.

मित्रांनो, आम्हाला कुलूप जरूर लावा. पण ज्याचं यंत्र आहे त्याला ते उघडायला शेजारी बसून शिकवा. त्याला वाचायला वेळ लागला, तरी हातातला माऊस ओढून घेऊ नका.