आभाराच्या पानावरचं नाव

"किती शब्द दिलेत मला?" हॉलिस ब्रॅकेनने दार उघडताच विचारलं.

"नऊशे," वर्तमानपत्राकडून आलेली तरुण बातमीदार डीना कोवाच म्हणाली आणि कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

नऊशे म्हणजे झकासच. गेल्या वर्षी वारलेल्या एका सिनेटरची सातशेतच बोळवण झाली होती, हे ब्रॅकेनने मोजून ठेवलं होतं. वॉशिंग्टनची वर्तमानपत्रं नामांकितांचे मृत्युलेख ती माणसं हिंडती-फिरती असतानाच लिहून ठेवतात. उमेदीच्या काळात ब्रॅकेनने स्वतः तीसेक जणांना असं जिवंतपणी उरकलं होतं. आता एकोणऐंशीव्या वर्षी, नाकात प्राणवायूची नळी घेऊन, त्याची पाळी आली होती.

खुशीत होता लेकाचा. चाळीस वर्षांची सिनेटची बातमीदारी, नऊ पुस्तकं, घरी बसवलेले दोन मंत्री, सगळं त्याने तारीखवार सांगितलं. डीनाने निमूटपणे लिहून घेतलं. मग तिने पेन खाली ठेवलं आणि अर्लीन पुटनमचं नाव काढलं.

अर्लीन सिनेटच्या एका समितीत कारकून होती. तिने चोरून आणून दिलेल्या कागदांवरच त्याचं पहिलं पुस्तक उभं राहिलं. नाव बाहेर येणार नाही, असा त्याने शब्द दिला होता. पुस्तक आलं आणि आभाराच्या पानावर तिचं नाव, आडनावासकट. त्या शहरात असली पुस्तकं कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही, दुकानात उभ्या उभ्या मागची पानं उलटून नावं शोधतात. दुपारपर्यंत अर्लीनचं टेबल रिकामं झालं. पुन्हा कुठल्याही कचेरीने तिला दारात उभं केलं नाही. गावी परतून बावीस वर्षं तिने एका शाळेच्या भोजनगृहात पोरांच्या ताटल्या विसळल्या.

"ती निवृत्त झाली असं वाटलं होतं मला," ब्रॅकेन म्हणाला. इतकी वर्षं बोलून बोलून हे वाक्य गुळगुळीत झालं होतं. "चूक झाली. चूक असंच लिही."

गेल्या आठवड्यात आपण ओहायोला जाऊन अर्लीनला भेटून आल्याचं डीनाने सांगितलं.

ब्रॅकेनचा हात नळीवर गेला. "काय म्हणाली?"

"ते सांगता येणार नाही. शब्द दिलाय तिला."

म्हातारा भडकला. आधी दरडावून झालं, मग गोड बोलून झालं, मग तिच्या संपादकाला आपणच घडवलं हेही ऐकवून झालं. पोरगी कॉफी पीत राहिली. तेव्हा त्याने ठेवणीतलं हत्यार काढलं. तो गप्प बसला. नुसतं समोरच्याकडे बघत राहायचं. माणसाला शांतता सोसत नाही, तो आपणहून ओकतो. मंत्री त्याने असेच बोलते केले होते. अर्लीनही अशीच बोलती झाली होती, एका खानावळीत, निवलेल्या सूपासमोर.

डीनाही गप्प बसली. ही युक्ती पत्रकारितेच्या वर्गात शिकवतात, आणि तीही त्याच्याच पुस्तकातून.

प्राणवायूचं यंत्र घरघरत होतं. खाली कचऱ्याची गाडी आली आणि गेली. डीनाला कसलीच घाई नव्हती. अर्लीनने सगळं सांगितलं असेल का? त्या फोनचंही? ब्रॅकेनची नजर तिच्या वहीवर गेली.

"तिचा फोन आला होता," शेवटी तोच बोलला. "पुस्तक छापायला जायच्या आधी. अजून दोन वर्षं नोकरीत राहतेय म्हणाली. माहीत होतं मला. पण तिच्या नावाशिवाय त्या कागदांवर कोण विश्वास ठेवणार होतं?"

डीनाने पेन उचललं.

"हे छापायचं नाही," तो म्हणाला.

"ते बोलायच्या आधी सांगायचं असतं, सर," ती म्हणाली आणि लिहू लागली.

समोरच्याची वही उलटी वाचायची जुनी खोड त्याला होती. तिने काय लिहिलंय ते बघायला तो पुढे वाकला, पण नळी तेवढी लांब नव्हती.