सगळ्यांना पुरून उरलेली

सेंट ब्रेंडन चर्चच्या वेदीमागे एक लहान खोली आहे. तिथल्या कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात गेल्या मार्चपर्यंत पाच वस्तू होत्या. एक तुटके पितळी मेणबत्तीदान. गंजलेल्या टाचण्यांची एक डबी. कसर लागू नये म्हणून ठेवलेले, पण वास कधीच उडून गेलेले देवदाराचे दोन ठोकळे. आणि त्या सगळ्यांच्या खाली मी.

मी एक जुनी पांढरी चादर आहे. अंथरण्याची नाही, थंडीत पांघरण्याचीही नाही. चर्चच्या दाराशी शवपेटी आली की तिच्यावर घालतात, ती. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या आमच्या टार्बेल हार्बर गावात मला 'पॉल' म्हणतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की डोळ्यांना पदर लावतात. आपल्याला कुणीतरी उचलावे, झटकावे, उन्हात ठेवावे, असे त्यांना वाटत असते. मला तसले काही नको. सारा जन्म मी मेलेल्या माणसांच्या सोबतीने काढला. एका अंधाऱ्या खणाने मी काय हादरणार? मला एका पेटीची गोष्ट सांगायची आहे, एवढेच. पण मी कशी घडले ते आधी सांगायला हवे, नाहीतर ती गोष्ट कळणार नाही.

अल्मायरा स्प्रेग नावाच्या बाईने मला शिवले. तिचे वडील बोटींची शिडे शिवत. त्यांच्या माळ्यावर उरलेले शिडाचे कापड तिने माझ्या आतून लावले आणि वरून पांढरे लोकरी कापड. म्हणून इतर चर्चमधल्या माझ्या बहिणींपेक्षा मी जड आहे. वाऱ्याला दाद देत नाही. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून, शिडाच्या जाड सुईने तिने माझे टाके घातले आणि मधोमध लाल क्रूस बसवला. चारही किनारींना मात्र तिने वीतभर कापड आत दुमडून ठेवले. वेदीवरची वस्त्रे आणि भांडी सांभाळणाऱ्या बायकांचे आमच्याकडे एक मंडळ आहे. त्या मंडळाला ही उधळपट्टी वाटली.

"अगं, एवढं कापड दडवलंस ते कुणासाठी?" एकीने विचारले.

"कुणासाठी ते कळलं असतं तर दडवलं कशाला असतं?" अल्मायरा म्हणाली. "शीड असो की चादर, कापड राखून शिवावं. उद्याचा वारा आज कुणी पाहिलाय?"

माझे काम सोपे होते. पेटी दाराशी यायची, तिचे झाकण बंद असायचे, आणि मला तिच्यावर पसरायचे. मग आत पाइनच्या फळ्या आहेत की पितळ, हे कुणाला कळत नसे. तारल्या डब्यांत भरण्याच्या कारखान्यात दोन बोटे गमावलेली एक बाई माझ्याखालून गेली, आणि त्याच हिवाळ्यात त्या कारखान्याचा मालकही. दोघांवर मी सारखीच पडले, दोन्ही बाजूंना फरशीपासून तीन बोटे वर. सुरकुत्यासुद्धा त्याच.

हे सगळ्यांना रुचत नसे. दर उन्हाळ्यात बोस्टनहून येऊन राहणाऱ्या एका श्रीमंत बाईने नवऱ्यासाठी ब्राँझची पेटी आणवली होती. "एवढी सुंदर पेटी तुम्ही झाकून टाकणार?" तिने विचारले.

अल्मायराने मला झटकले. "बाईसाहेब, लोकांनी पेटी बघून घेतली. आता इथे जो बघणार आहे, त्याला चादरीतून दिसतं."

शिपायाच्या पेटीवर राष्ट्रध्वज असला तरी त्याची दाराशीच घडी होई आणि मी चढे. एकदा माजी सैनिकांच्या क्लबातले लोक यावरून हमरीतुमरीवर आले होते. मी जागची हलले नाही. दाराच्या आत कुणी कप्तान नसतो आणि कुणी मालक नसतो. त्या दिवसांत माझे कौतुकही फार होई. आपली पॉल इतकी शोभते की मरायला हरकत नाही, असे एक म्हातारा नेहमी म्हणायचा. त्याने शब्द पाळला.

पुढे माणसे राख होऊन येऊ लागली. राखेच्या कलशाला हातरुमालाएवढे कापड पुरते. तसा एक रेशमी रुमाल बाहेरून मागवला गेला आणि मी खालच्या खणात गेले. पांढऱ्याची पिवळट झाले. एका वर्षी तर मला जुन्या कपड्यांच्या विक्रीच्या गठ्ठ्यात टाकले होते. अल्मायराची लेक थर्झा हिने मला तिथून ओढून काढले. "हिला विकायचं असेल तर आधी मला विका," ती म्हणाली, आणि मला परत खणात ठेवून तिने खण पायाने बंद केला.

ती थर्झा आता सत्तरी ओलांडलेली आहे. मार्चमध्ये तिचा धाकटा भाऊ ऑरिन वारला, आणि माझा खण उघडला.

ऑरिनशी गावात कुणी बोलत नसे. आमचे गाव शेवंडींवर, म्हणजे लॉब्स्टरवर, जगते. पिंजऱ्यात अंडी धरलेली मादी आली तर तिच्या शेपटीला ओळखीची खाच पाडून तिला परत समुद्रात सोडायचे, असा कायदा आहे. लोवेल टिबेट्स हा गावाचा लाडका कप्तान. तो भांडी घासायच्या ब्रशने ती अंडी खरवडून टाकायचा आणि माद्या विकायचा. धक्क्यावर सगळ्यांना हे माहीत होते. सांगितले एकट्या ऑरिनने, तेही थेट सरकारी गस्तीच्या लोकांना. लोवेलचा परवाना तीन वर्षे गेला. गावाने अंडी खरवडणाऱ्याला माफ केले, सांगणाऱ्याला नाही. ऑरिनच्या पिंजऱ्यांचे दोर कापले गेले. तो किराणा दुकानात शिरला की बोलणी थांबत. "गप्प राहणाऱ्यांची मला सवय आहे," तो बहिणीला म्हणायचा. "जन्मभर शेवंडीच धरल्यात." लोवेल पुढे चर्चचा मुख्य विश्वस्त झाला. ऑरिन दर रविवारी अगदी त्याच्या पाठीमागच्या बाकावर बसत राहिला.

अंत्यविधी ठरवायची बैठक माझ्या अंगावरच झाली म्हणा ना. थर्झाने मला इस्त्रीच्या टेबलावर पसरले होते आणि समोर नव्या पाद्रीबाई मर्सी ऑल्डन बसल्या होत्या.

"थर्झाबाई, बायबलातला पाठ कोणता वाचायचा?"

"ज्यात शेवटी समुद्रच नाहीसा होतो तो नको. तो लागला की ऑरिन दर वेळी कुरकुरायचा. म्हणायचा, मग मी तिथे करू काय?"

पाद्रीबाईंना हसू आले. "बरं, दुसरा घेऊ. त्यांच्याविषयी कुणी चार शब्द बोलणार आहे का? आपल्याकडे तशी रीत कमीच आहे."

"बोलायला उठणार कोण? रीत कमी आहे ते बरंच आहे."

इतक्यात लोवेल आत आला. टोपी हातात घेऊन दाराशीच उभा राहिला.

"थर्झा, कबरीपाशीच प्रार्थना उरकली तर?" तो म्हणाला. "पेटी उचलायला सहा माणसं लागतात. मी धक्क्यावर सगळ्यांना विचारलं."

"काय विचारलंस? येता का, की येऊ नका?"

लोवेल वरमला, पण हटला नाही. "मग अंत्यविधीवाल्यांची माणसं लाव."

"स्प्रेगांची पेटी भाड्याच्या हातांनी आत जात नाही. माझ्या आजोबांपासून गेली नाही."

"आणि पेटी तरी कसली? त्यानं स्वतःच होडीच्या फळ्या ठोकून केलीय, होडीएवढीच रुंद. ही चादर पुरायची नाही तिला. उघडं लाकूड घेऊन वेदीपुढे जाणार का? पेटी झाकलेली हवी, हे तूच सगळ्यांना सांगत आलीस."

तो गेल्यावर थर्झाने फीत काढली. पेटीची मापे तिच्याकडे होती. तिने मला लावून पाहिले. लोवेल खोटे बोलला नव्हता. दोन्ही बाजूंना मी जवळजवळ वीतभर कमी पडत होते. ब्राँझवाल्या बाईला मी पुरले, कारखान्याच्या मालकाला पुरले, आणि अल्मायराच्या पोटच्या पोराला पुरत नव्हते. थर्झाने फीत गुंडाळली. माझी कड चिमटीत धरून ती तशीच उभी राहिली. मग तिने ती कड अंगठ्याने चोळली. दाबून पाहिली.

"कात्री आहे का हो तुमच्याकडे, बारीक टोकाची?" तिने पाद्रीबाईंना विचारले.

मित्रांनो, टाके उसवताना दुखते. शिडाचे टाके तर जास्तच. पण त्या दिवशी एकेक टाका तुटत गेला आणि अल्मायराने दडवलेले कापड बाहेर आले. ते कधी उजेडात आलेच नव्हते. मी मधे पिवळट झाले होते. चारही कडांना मात्र वीतभर पट्टा नव्यासारखा शुभ्र. जुन्या दुमडीची रेघ इस्त्रीनेही गेली नाही. थर्झा म्हणाली, "राहू दे. दिसू दे."

उचलणाऱ्यांचा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुटला, तोही मंडळाच्या चहाकॉफीच्या वेळी. थर्झा धरून मंडळात सहा बायका. त्यातल्या इमोजीन हॅच यांना कमी ऐकू येते, म्हणून त्या मोठ्याने बोलतात.

"कुणी येत नाही म्हणजे? पाहिजेत काय तुम्हाला?"

"पॉलबेअरर पाहिजेत, इमोजीन," थर्झा त्यांच्या कानाशी म्हणाली. पेटीला खांदा देणाऱ्यांना आमच्याकडे तोच शब्द आहे.

"मग त्यात काय? पॉलबेअरर म्हणजे पॉल धरणारा. पेटी धरायची असं त्यात कुठे म्हटलंय? चादर मीसुद्धा धरीन. माझा एकच गुडघा बदललाय."

सगळ्या हसल्या. पाद्रीबाईही हसल्या आणि मधेच थांबल्या. "शब्दाचा मूळ अर्थ तोच आहे," त्या म्हणाल्या. "पूर्वी पेटीचं वजन मजूर पेलायचे आणि मानाची माणसं चादरीच्या कडा धरून चालायची."

"वजनाला चाकांची गाडी आहे," थर्झा म्हणाली. "दाराला उतार आहे. एका हातानं चादर धरू, दुसऱ्यानं गाडी ढकलू. चार कोपऱ्यांना चौघी, मधे दोन्हीकडे एकेक. म्हणजे आपण सहा."

पाच जणी हो म्हणाल्या. सहावी व्हर्ना, लोवेलची बायको. ती नळाशी कपबश्या विसळत होती. एक कप तिने फार वेळ विसळला.

अंत्यविधीच्या शनिवारी चर्च अर्धे भरले होते. बरेच जण ऑरिनसाठी नव्हे, थर्झा काय करते ते पाहायला आले होते. पुरुष मागच्या भिंतीला टेकून, हात खिशात घालून उभे होते. पेटी गाडीवरून उतारावर चढली, दाराशी थांबली. थर्झाने आणि पाद्रीबाईंनी मला तिच्यावर पसरले. पेटीच्या फळ्यांना ताज्या देवदाराचा वास होता. खणातल्या ठोकळ्यांना तो कधीकाळी येत असावा.

पाच जणींनी माझ्या कडा उचलल्या. मागचा डावा कोपरा चाकापाशी लोंबत राहिला. तसेच निघालो असतो तर मी चाकाखाली आले असते आणि भर चर्चमध्ये पेटीवरून ओढली गेले असते. अंत्यविधीवाल्यांचा एक माणूस पुढे झाला.

"तुम्ही नको," थर्झा म्हणाली. तिने मागे वळून पाहिले नाही.

सगळे उभे होते. ऑर्गन वाजवणाऱ्याने तेच गीत पुन्हा पहिल्यापासून घेतले. पाद्रीबाई हातातले पुस्तक उघडून थांबल्या. पुढच्या बाकाच्या टोकाला लोवेल उभा होता आणि त्याच्या आतल्या बाजूला व्हर्ना.

"सर जरा, लोवेल," व्हर्ना म्हणाली.

"लोक बघताहेत," तो हळूच म्हणाला.

"बघू देत. ती अंडी तू माझ्याच ब्रशनं खरवडलीस आणि मी तो धुऊन परत ठेवत आले. आता माझे हात मला पाहिजे त्या कामाला लावू दे."

तो सरला नाही. ती त्याच्या पुढून, बाकाला घासत बाहेर आली. सगळे चर्च ओलांडून दारापर्यंत चालत गेली आणि तिने माझा कोपरा उचलला. तिचे हात ओले नव्हते, तरी तिने ते आधी झग्याला पुसले.

चाके फिरली. सहा जणींच्या हातांत मी ताणलेली होते, वारा भरलेल्या शिडासारखी. लोवेलच्या बाकावरून जाताना माझी नवी शुभ्र कड त्याच्या गुडघ्याला लागली. मागच्या भिंतीपाशी कुणीतरी खिशातून हात काढला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. एवढेच. गावाने ऑरिनची माफी मागितली असे मी सांगणार नाही. मागितली नाही. पण तो मधल्या वाटेने, सर्वांसमोर, झाकलेला आणि मानाने आत गेला.

कबरीपाशी पेटी खाली सोडण्याआधी मला उतरवतात. माणूस पुरला जातो आणि मी परत येते. आजवर अशा कितीजणांना मी पुरले आणि पुरून उरले. म्हणून तुमच्यापाशी मी दया मागत नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना जपून ठेवू नका. खणात घालून वर ठोकळे ठेवू नका. वापरा. डाग पडू द्या, टाके झिजू द्या. थर्झासारखी एखादी सुई घेऊन येईल. पण मला कुणावर घालायचे आणि कुणावर नाही, याची चर्चा माझ्यापुढे करू नका. मी कधी केली नाही.

एक सांगायचे राहिले. त्या शनिवारी वेदीपुढे पोचल्यावर सहाही जणींनी मला एकदम सोडले. थर्झा गुडघ्यावर बसली आणि तिने माझी कड आणि फरशी यांच्यामधे बोटे आडवी धरून पाहिली, आधी एका बाजूला, मग पेटीला वळसा घालून दुसऱ्या.

डावीकडे तीन बोटे. उजवीकडे तीन बोटे.