मिस्त्री बोलू लागले तेव्हा

“ही शिलाई वाकडी चाललीय,” खाटेशेजारच्या पडद्यावर सरकणाऱ्या हिरव्या रेषेकडे बोट दाखवत मिस्त्री म्हणाले. “सुई बदला.”

मिस्त्रीणबाई दचकल्या. मिस्त्रींनी जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली होती आणि घरात ‘हं’ नि ‘बरं’ एवढ्यावर संसार निभावला होता. बोलण्याचं खातं सगळं मिस्त्रीणबाईंकडे. काल मिस्त्रींच्या मांडीतल्या शिरेतून नळी घालून हृदयाची तुंबलेली वाट मोकळी केली, तेव्हाही डॉक्टरीणबाईंनी धोके त्यांनाच समजावले होते. “या वयात रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवर ताण येतो. कधी माणूस भ्रमिष्टासारखं बडबडतो. तसं झालं तर लगेच सांगा.”

“हे आणि बडबड?” मिस्त्रीणबाईंना हसूच फुटलं होतं.

आता सिस्टरना हाक मारायला त्या उठल्या, तोच मिस्त्री म्हणाले, “बसा हो बाई. तुमच्या मशीनला वेळ लागेल.”

अहो-जाहो! लग्नानंतर पहिल्यांदाच. मिस्त्रीणबाई बसल्या.

“घरी कोण असतं तुमच्या?” त्यांनी हळूच विचारलं.

“बायको. फार बोलते.”

मिस्त्रीणबाईंचा चेहरा पडला.

“दुधवाला काय म्हणाला, शेजारीण का फुगली... मला निम्मं कळत नाही. पण ती माहेरी गेली ना, की मी दुकानातच झोपतो. घर खायला उठतं.”

सिस्टर दोन खाटांपलीकडेच होत्या. एक हाक पुरे होती.

“आणि दिसायला?” मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

“छान आहे की! पण सांगू नका तिला, डोक्यावर मिरे वाटेल.” मिस्त्री खुदकन हसले आणि मांडीवरची पट्टी ओढू लागले. “हा धागा कुणी गुंतवलाय?”

चादरीवर लाल डाग पसरत गेला.

“सिस्टर!” मिस्त्रीणबाई अशा ओरडल्या, की शेजारचा पेशंट ताडकन उठून बसला. सिस्टर धावल्या, दोन्ही हातांनी मांडी दाबून उभ्या राहिल्या.

रक्त थांबल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कधीपासून असं बोलत होते?”

“झाला थोडा वेळ.”

“मग सांगितलं का नाही? जिवावर बेतलं असतं!”

“चुकलं माझं. पण इतकं छान बोलत होते हो... मधेच कसं तोडायचं?”

डॉक्टरीणबाईंनी लगेच मिस्त्रींचं रक्त तपासायला पाठवलं.

रक्तातलं मीठ उतरलं होतं, ते भरून आल्यावर मिस्त्री ताळ्यावर आले. “अभिनंदन! अगदी पूर्वीसारखे झालेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“हं,” मिस्त्री म्हणाले.

घरी परतताना टॅक्सीत मिस्त्रीणबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. तो लाल डाग डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि ते बोलणंही कानांतून जात नव्हतं. रस्त्यावर, गर्दीवर, टॅक्सीवाल्यावर, कशावरच त्या काही बोलल्या नाहीत. मिस्त्रींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. घसा खाकरला. पुन्हा पाहिलं.

“अगं, बोल काहीतरी.”

उत्तर आलं नाही. मिस्त्रींनी घाईघाईने पुढे वाकून टॅक्सीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“गाडी वळवा. परत दवाखान्यात. हिचं काहीतरी बिघडलंय.”