आमदार मंत्री झाले

गोजरबाईनं निरांजन पुन्हा पेटवलं आणि वारा यायच्या आत नव्या मंत्र्यांना ओवाळून घेतलं. राजूरच्या चौकात फटाक्यांचा धूर कोंडला होता. कालपरवापर्यंतचे आमदार मंत्री होऊन आले होते आणि डोंगरातल्या गावांना त्याचा कोण आनंद झाला होता! ओवाळण्याचा मान मात्र गोजरबाईला मिळाला.

गेल्या पावसाळ्यात पहिलटकरीण म्हणून माहेरी आणलेली तिची लेक अश्विनी अडली. ओढ्याला पूर, पूल नाही. पाणी उतरायची वाट बघता बघता पोर काठावरच गेली. आमदार वाडीत आले, डोळे पुसले आणि त्यांनी पुलाचा प्रश्न विधानसभेत टाकला. येत्या अधिवेशनात सरकारला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागणार होतं. इकडे सून सृष्टीचे दिवसही ऐन पावसाळ्यातच भरत होते.

"सायेब, पुलाचं इचारनार न्हवं?"

"मावशी, आता विचारायचं काय? आता आपलंच सरकार."

बाईचा जीव भांड्यात पडला. गाड्या निघून गेल्यावर तिला कल्याण गुरुजी दिसले. आमदारांसाठी प्रश्नाचा मजकूर त्यांनीच लिहून दिला होता. त्यांच्या हातातला पेढा तसाच होता.

"गुरुजी, ग्वाड लागंना व्हय?"

"मावशी, मंत्र्याला सभागृहात प्रश्न विचारता येत नाही. आपला प्रश्न बाद झाला. सकाळीच मुंबईहून फोन होता."

"मंग मंत्री तिथं काय करत्यात?"

"उत्तरं देतात."

"मंग देऊ द्या की. त्यांनला समदं ठावं हाय."

"आधी कुणीतरी विचारावं लागतं."

"दुसरा कोनी आमदार?"

"शेजारचे सगळे त्यांच्याच बाजूचे. वरच्या सभागृहातल्या एकाला फोन केला, तर म्हणाले, तुमचेच आमदार मंत्री झालेत, त्यांनाच सांगा."

गोजरबाईला भडभडून आलं, पण भर चौकात ती रडली नाही. एवढ्यात नाचून घामेजलेला तिचा मुलगा ओम आला.

"सृष्टीला शेवगावला धाडू, तिच्या माहेरी," ती म्हणाली.

"दुसऱ्या खेपेला माहेरी? लोक काय म्हनतील? आन् आता तर पूल व्हनारच की, आये."

तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचा गुलाल पुसला.

"पावसाच्या आत धाडू."