कंदिलाच्या पेटीतला भंडारा

मी पत्र्याची मतपेटी बोलतेय, इंदूरच्या नगरपालिकेच्या कोठारातली. इथं उंदरांशिवाय माझं ऐकायला कुणी नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

मध्यभारताच्या काळात प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. माझ्यावर कंदिलाचं चित्र डकवलं होतं. मी हरीची पेटी, गिरणीत राबणाऱ्या हरीची. शेजारची घोड्याची पेटी प्रतापरावांची. त्यांचे वाडवडील होळकरांच्या फौजेत होते आणि हरीचा बाप त्यांच्याच पागेत घोड्यांना खरारा करत म्हातारा होऊन गेला. पागेमागच्या खोल्यांत ती सगळी वस्ती अजून प्रतापरावांच्याच आसऱ्याला होती. तिथं पाण्याचा एक नळ यावा, एवढ्यासाठी हरी उभा राहिला होता.

आदल्या दिवशी प्रतापरावांनी 'मत घोड्यालाच' म्हणून अख्ख्या वस्तीला बेलभंडार उचलायला लावला. खंडोबाची शपथ मोडायची छाती कुणाची? सरकारनं पडदा लावून मत गुप्त ठेवलं खरं, पण देव काय पडद्याबाहेर थांबतो? अजून माझा जळफळाट होतो.

दुपारी हरीची आई, आनंदीबाई, आत आली. तिनं मला गोंजारलं. "हरी, बाळा माझ्या," एवढंच म्हणाली आणि चिठ्ठी घोड्याच्या पेटीत टाकली. मग कनवटीची पुडी सोडून तिनं चिमूटभर भंडारा माझ्या फटीतून आत सोडला. मी भरून पावले. वेडी मी!

मोजणीच्या वेळी माझं झाकण उघडलं. आतल्या नऊ चिठ्ठ्या पिवळ्याधमक झालेल्या.

"भिया, ये तो निशानी है!" प्रतापरावांचा माणूस इंदुरी हिंदीत ओरडला. "बाद करा ह्या!"

खूण असलेली चिठ्ठी बाद, असा नियमच होता. मोजणीच्या साहेबांनी नऊच्या नऊ बाजूला काढल्या आणि हरी चार मतांनी पडला. त्यानं त्या चिठ्ठ्या उलटून पाहिल्या, तशी त्याची बोटं पिवळी झाली. हा भंडारा कुणाचा, हे त्याला विचारावं लागलं नाही.

आनंदीबाई दारातच उभी होती.

"शपथेपायी मत तिकडं टाकलं रे," ती रडत म्हणाली. "पण तुझ्या पेटीत मल्हारीचा भंडारा घातला. पोचला ना?"

हरीनं हात पाठीमागे घेतले.

"पोचला, आई. त्याच्यामुळेच तर एवढी मतं पडली."

तेवढं ऐकून ती डोळे पुसत घरी गेली. त्या दिवशी मला तोंड असतं, तरी मी गप्पच बसले असते.

आता मी गंजले आहे, तळ फुटला आहे. भंगारात घालायची तर खुशाल घाला. फक्त झाकणाच्या सांध्यात अजून थोडं पिवळं अडकलेलं आहे, तेवढं घासू नका.